माळ्याचा हिशोब

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. आमच्या बाबांनी दोन्ही एकाच वर्षात करून पाहायचं ठरवलं, आणि तेही ज्या जमिनीवर आपलं नाव नाही अशा जमिनीवर. आम्ही मुंडकार. डिचोलीहून मयेला जाताना तळ्याच्या अलीकडे जी वाडी लागते, तिथे आमचं घर. भिंती आमच्या, छपराचे नळे, म्हणजे कौलं, आमची, दारातली तुळसही आमची; त्यांच्या खालची माती मात्र भाटकाराची, जमीनमालकाची. न्हाणीघराची भिंत पावसात खचली तेव्हा ती होती तिथेच पुन्हा घालायलासुद्धा बाबा त्याच्या पायऱ्या झिजवून आले होते. बाहेर हातभर वाढायची सोय नव्हती. घराची उंची वाढवली तर भाटकाराच्या माणसाला रस्त्यावरूनच दिसलं असतं. त्यामुळे घरात माणूस वाढणार म्हटल्यावर वाढायला एकच जागा उरली, ती नळ्यांच्या खाली, माळ्यावर.

तो माळा म्हणजे आईचं राज्य. निसण लावून, म्हणजे शिडी लावून, ती वर चढली की अर्धा अर्धा तास खाली यायची नाही. सोललेले नारळ, आमसुलांची मडकी, मातीत घोळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, बियाण्याचं भात, आणि चवथीला गणपतीवर बांधायची माटोळीची लाकडी चौकट, सगळं तिथे. उंदरांनी एखादा नारळ ढकलला की तो गडगडत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचा, आणि खाली जेवता जेवता आम्ही सगळे मान वर करून त्याचा प्रवास ऐकायचो. पावसाळ्यात वरून ओल्या सुंभाचा आणि आमसुलांचा वास यायचा. दुपारी खाणीचे ट्रक रस्त्यावरून गेले की नळ्यांच्या फटींतून तांबडी धूळ झिरपायची आणि आईच्या मडक्यांवर बसायची. आज माझ्या म्हापशाच्या घरात डोक्यावर सिमेंटचं छत आहे. वर कोण राहतं, काय करतं, काही ऐकू येत नाही. मला अजून त्याची सवय नाही.

खाली घर तसं लहानच. पुढे सोपा, तांबड्या सिमेंटचा. मध्ये देवघर, कारण आमच्याकडे देव घराच्या पोटात असतात. एका बाजूला आईबाबांची खोली, मागे स्वयंपाकघर, आणि त्याला लागून पूर्वेकडची चिंचोळी खोली माझी आणि बायची. बाय म्हणजे माझी थोरली बहीण शालिनी. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, पगार बाबांच्या हातात द्यायची, आणि गणितात इतकी पक्की होती की वाडीवर कोणाच्या जमिनीची वाटणी असली तरी तिला हाक यायची. आमच्या खोलीला एक जनेल होतं, खिडकी. त्यातून सकाळचं ऊन थेट चटईवर यायचं आणि बाय त्या उन्हात बसून वेणी घालायची. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की वेणी तशीच हातात धरून उंडे घ्यायला धावायची. मी तेव्हा म्हापशाला बारावीत होते. मला वाटायचं, ही खोली म्हणजे जगातली सर्वांत सुरक्षित जागा.

दादा आमच्या दोघींच्या मधला. वीज खात्यात चिकटला, आणि वर्षाच्या आत पेडण्याचं स्थळ सांगून आलं. थोरली बहीण बिनलग्नाची असताना धाकट्या भावाचं कसं करायचं, यावर थोडे दिवस कुजबुज झाली. पण मुलीकडची माणसं तालेवार होती, आणि नाकापेक्षा मोती जड असला तरी मोती हातचा सोडायची बाबांची तयारी नव्हती. बोलणी झाली. व्याही उठता उठता चहाचा कप खाली ठेवून अगदी गोड आवाजात म्हणाले, "सगळें बरें आसा. पूण आमचें चेडूं सोप्यार न्हिदपाक आमी दिवचे ना. तांकां एक कामर जाय." म्हणजे त्यांची मुलगी सोप्यावर झोपणार नव्हती, दोघांना वेगळी खोली हवी होती; दादा तोपर्यंत सोप्यावरच झोपत होता. बाबांनी हसून मान डोलावली. व्याही गेल्यावर ते बराच वेळ माळ्याकडे बघत उभे राहिले.

यशवंत मेस्त, आमच्या वाडीवरचा सुतार, येऊन माळा बघून गेला. उंडा चहात बुडवून खाताना त्याने निकाल दिला, "वयर चडोवंक मेळचें ना, भायर काडूंक मेळचें ना. तर घराच्या पोटांतूच करूंक जाय. पूण उबें रावपाक मदींच मेळटलें. कुशींनी बागवून." म्हणजे खोली घराच्या आतच, आणि आढ्याखाली तेवढं सरळ उभं राहता येणार, बाजूंना वाकून. त्यानंतर कित्येक संध्याकाळी आमच्या सोप्यावर हिशोब चालला. बाय शाळेतून आणलेल्या खडूने तांबड्या सिमेंटवर आकडे मांडायची, बाबा सांगायचे, दादा दुरुस्त करायचा, आणि जेवणाची हाक आली की बाय ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकायची. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. ते आकडे मी इथे देत नाही. आजची मुलं हसतील. पण त्या आकड्यांनी तेव्हा आमच्या घरात कोणी हसत नव्हतं. खाली माटीच्या, म्हणजे ऐनाच्या, लाकडाच्या फळ्या धरल्या होत्या, त्या जाऊन फणसाच्या आल्या. दोन जनेलांचं एक झालं. नळ्यांखाली लाकडी छत घालायचं होतं म्हणजे उन्हाची झळ लागू नये, ते गेलं; त्याऐवजी उजेडासाठी दोन काचेचे नळे. जिना गेला, जुनी निसणच राहिली. माणूस अंथरूण पाहून पाय पसरतो म्हणतात. आम्ही रोज संध्याकाळी थोडे थोडे पाय कापत होतो.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे. आमचं वेगळं राज्य होणार, पण कोणत्या भाषेचं, यावरून गावागावात डोकी तापलेली. बाबा मराठीचे, दादा कोकणीचा. गंमत अशी, की दोघे भांडायचे ते कोकणीत आणि एकमेकांना चिठ्ठी लिहायची झाली तर मराठीत. ताटावर बसून वाद इतका चढायचा की आई सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, किसमूर वाढता वाढता हात आखडता घ्यायची आणि म्हणायची, "पयलीं जेवात, मागीर राज्य करात." रस्त्यांवर झाडं आडवी पडायची, बस बंद व्हायच्या. फळ्यांचा ट्रक असाच वाटेत कुठेतरी अडकून पडला आणि लाकूड पावसात भिजलं. या एका विषयावर बापलेकांचं एक अक्षर जुळत नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे एका गोष्टीवर त्यांचं अगदी पटकन जुळलं.

आधी देवाला विचारायचं होतं. मेस्ताने खोली आखली होती ती घराच्या मधोमध, आढ्याच्या बरोबर खाली, कारण उंची तिथेच होती. आणि तिच्या खाली देवघर. देवाच्या डोक्यावर माणसांनी पाय ठेवायचे, तेही नव्या नवराबायकोने, हे कोणालाच पटण्यासारखं नव्हतं. बाबा आणि दादा ग्रामदेवतेच्या देवळात प्रसाद घ्यायला गेले. मीही गेले होते. मूर्तीच्या दोन्ही अंगांना भटजींनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि आम्ही सगळे श्वास धरून बघत राहिलो. डाव्या अंगाची पाकळी पडली. नको. बाबांचा चेहरा उतरला. भटजी अनुभवी, त्यांनी विचारलं, देव दुसऱ्या खोलीत हलवले तर? पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा पाकळ्या. या वेळी उजवी पडली, आणि तीही लगेच. दादाने बाबांच्या पाठीवर हात ठेवला. देव हलवायचे ते पूर्वेच्या खोलीत, हे कोणी बोलायचीही गरज नव्हती. पूर्वेकडे खोली एकच होती, आमची.

आमच्याकडे बायकांचे चार दिवस असतात तेव्हा देवघराच्या उंबऱ्याच्या आत पाय पडत नाही. देवांसमोर अंथरूण घालून तरण्या मुलींनी झोपायचं तर बाकीच्या दिवसांतही नाहीच. आणि मधल्या रिकाम्या देवघरात वरची निसण उतरणार, म्हणजे ती नुसती येण्याजाण्याची वाट. म्हणजे एक खोली वाढवायला निघालेल्या आमच्या घरात खोल्या होत्या तेवढ्याच राहणार होत्या. इतकी साधी बेरीज वजाबाकी. पण बाबा, दादा, भटजी, मेस्त, एवढ्या पुरुषांत ती कोणाच्या लक्षात आली नाही. किंवा आली असेल. त्या संध्याकाळी शेवटचा हिशोब बसला. देव हलवायचा खर्च, ब्राह्मणभोजन, नवा चौरंग, हे सगळं वाढल्यावर तूट चांगलीच फुगली. बाबांनी घसा खाकरला आणि म्हणाले की बायच्या लग्नासाठी म्हणून सोसायटीत ठेवलेत ते पैसे तूर्त काढू, सदा पगारातून भरून देईल. सदा म्हणजे दादा. त्याने लगेच वर्षभरात भरायचं कबूल केलं, "दितलों न्हय. वर्सभरांत दितलों." कोकणी मराठी सगळं विसरून दोघांचं एका क्षणात जुळलं.

बायने तो आकडा खडूने लिहिला. बेरीज केली. खाली रेघ ओढली. मग ती म्हणाली, "बाबा, पयसे जुळ्ळे. पूण हांव न्हिदतलें खंय?"

ही कुठे झोपणार, या प्रश्नाने बाबा खरोखरच गोंधळले. म्हणाले, "तूं कितल्या दिसांचें गो आतां? फुडल्या वर्सा तुजें लग्न जातलें."

"लग्नाचे पयसे वयर फळ्यांनी घातले. मागीर लग्न खंयच्यान जातलें?"

 मी दाराला टेकून उभी होते आणि मला ती गोष्ट एकदम समजली. बाय लग्न होऊन जाणार म्हणून तिला जागा धरली नव्हती, आणि ती ज्या पैशांनी जाणार होती ते पैसे त्याच खोलीत चालले होते. एकाच हिशोबात तिला दोन्हीकडून वजा केलं होतं. मला बाबांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. बाबा दुष्ट नव्हते. आमच्यावर त्यांनी कधी हात उगारला नाही, खाणीवरच्या कामावरून येताना खिशातून चणे आणायचे. पण व्याह्याला दिलेला शब्द त्यांना दिसत होता आणि समोर बसलेली मुलगी दिसत नव्हती. शेवटी आई आतून म्हणाली, "थोडे दीस चुलीकडेन आड पड गो बाय. घर म्हळ्यार अशें जाताच." बायने ओलं फडकं घेतलं आणि सोपा पुसला. दुसऱ्या दिवशी हिशोब पुन्हा मांडायचं कारण उरलं नव्हतं.

काम झालं, लग्नही झालं. आईचा माळा रिकामा करताना नारळ विकले, माटोळी सोप्याच्या वाशांना टांगली, मडकी फुटली ती फुटली. वहिनी निसणीने वर चढताना नवी साडी एका हाताने सावरायची आणि दुसऱ्या हाताने भिंत चाचपायची. ती मनाने वाईट नव्हती. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. चैत्र लागला आणि ती खोली भट्टी झाली. छत गाळलेलं होतं, नळे डोक्याला लागतील इतके जवळ, त्यात भिजलेल्या फळ्या उन्हात वळून त्यांच्यात फटी पडलेल्या. दादा उंच, रोज कुठे ना कुठे डोकं आपटायचा. वहिनी दुपारी खाली येऊन आईजवळ फरशीवर पडायची, अंगभर घामोळं आलेलं. मी रात्री आईच्या कुशीला सरकले होते, आणि चुलीजवळच्या कोपऱ्यात बायची गुंडाळलेली चटई उभी असायची. तिचे कपडे आईच्या पेटीत, पुस्तकं डाळीच्या डब्यांशेजारी. सकाळच्या उन्हात आता देव बसत होते. बाय वेणी घालायची ती मागच्या पायरीवर, धुराच्या वासाचे केस विंचरत.

त्याच वर्षी नार्व्याचं स्थळ आलं. मुलगा शाळेतच शिकवायचा, नदीकाठी थोडी शेती, बोलायला शांत. त्याला बाय आवडली होती आणि बायला तो. हे मला बायने सांगितलं नाही. पण ती माणसं येऊन गेल्यावर तिने काकडीची गोड तवसाळी केली आणि करताना गुणगुणत होती, ते मी ऐकलं. त्यांचं मागणं फार नव्हतं. फक्त मुलाच्या आजारी आईच्या डोळ्यांदेखत व्हावं, म्हणून त्याच मोसमात लग्न हवं होतं. बाबांनी एक वर्ष मागितलं. दादाने एक पैसाही भरला नव्हता. वहिनीला दिवस गेले होते, त्याचाही खर्च खराच होता. नार्व्याची माणसं पावसाळ्याआधी एकदा येऊन विचारून गेली, मग आली नाहीत. पुढे कोणाकडून तरी त्याच्या लग्नाचे पेढे आले. बायने एक पेढा खाल्ला, बाकीचे वर्गातल्या मुलांना नेऊन वाटले. त्यानंतर तिला कोणी गुणगुणताना ऐकलं असेल तर मला माहीत नाही.

मूल झाल्यावर दादा सरकारी क्वार्टर मिळवून फोंड्याला गेला. त्याचा दोष मी आता धरत नाही. त्या भट्टीत तान्हं मूल कोणी ठेवलं असतं? खोलीला बाबांनी कुलूप लावलं. चवथीला दादा येणार, त्याला जागा हवी. चवथीला दादा यायचा, खाली सोप्यावर झोपायचा, आणि दीड दिवसाच्या गणपतीबरोबर परत जायचा. एकदा आईनेच म्हटलं की बायने वर झोपावं. बाबांनी किल्ली बायसमोर ठेवली. बाय शांतपणे म्हणाली, "त्या हिशोबांत हांव नाशिल्लें, बाबा." ज्या हिशोबात ती नव्हती, त्याची किल्ली तिने उचलून खिळ्याला अडकवली. हळूहळू आईने कुलूप काढून नारळ पुन्हा वर न्यायला सुरुवात केली. जेवताना पुन्हा गडगडाट ऐकू यायला लागला. आता मान वर करणारं कोणी हसत नव्हतं.

माझं लग्न झालं, त्याचे बहुतेक पैसे बायच्या पगारातले. बाबा गेले, मग दादा त्यांच्यामागून फार लवकर गेला. जमीन कायद्याने आमच्या नावावर झाली तेव्हा बाय निवृत्त झाली होती. हाती आलेल्या पैशांतून तिने पहिलं काम काय केलं असेल, तर यशवंत मेस्ताच्या मुलाला बोलावलं आणि विचारलं, ही खोली मोडायला किती लागतील. मी नेमकी त्या दिवशी गेले होते. सोप्यावर खडूचे आकडे होते. इतक्या वर्षांनी तेच वळण, तीच रेघ. फळ्या उतरवायच्या, देव पुन्हा मध्ये न्यायचे, पूर्वेची खोली रिकामी करायची. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. ती आतून पुटपुटली की देवाला विचारल्याशिवाय देव हलवू नयेत, आधी प्रसाद घ्या. बाय म्हणाली, "देवाक आपल्या सुवातेर परत वचूंक कोणाक विचारूंक जाय?" आपल्याच जागी परत जायला देवाला कोणाची परवानगी लागणार होती? देव परत गेले, आणि काहीही अशुभ घडलं नाही.

त्या फणसाच्या फळ्यांतून तिने खाट करून घेतली. पूर्वेच्या खोलीत, जनेलाच्या खाली. मी बघायला गेले तर खाटेने सगळी खोली अडवली होती, चालायला जेमतेम जागा. एकटीसाठी एवढी रुंद खाट कशाला केलीस, असं मी तिला विचारलं. तिचे केस पांढरे झाले होते. उन्हात बसून ती बारीकशी वेणी घालत होती. मान न वळवता म्हणाली, "तुका धरून केल्या." या हिशोबात तिने मला धरलं होतं. मी तिच्या पाठीशी बसले आणि तिची वेणी पुरी केली.

ती खोली बायला फार वर्षं लाभली नाही. गुडघे गेले, मग छाती, आणि आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात ती त्याच खाटेवर गेली. घराला आता कुलूप असतं, किल्ली माझ्याकडे आहे. चवथीच्या आधी साफसफाईला जाते तेव्हा एक रात्र तिथेच राहते. वर आता माळा नाही, नारळ नाहीत, थेट नळे दिसतात. काचेचे दोन नळे मधल्या खोलीवर तसेच आहेत आणि सकाळी देवांवर उजेड पडतो. मी भिंतीकडच्या बाजूला झोपते, कारण लहानपणी माझी बाजू तीच होती. दुसऱ्या बाजूला उशी ठेवते आणि तिच्यावर काही ठेवत नाही.